पहिल्या लांडग्याच्या मागं

आबा,

तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. तुम्ही होतात तेव्हा लिहिण्यात अर्थ नव्हता, कारण तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि गेल्यावर लिहून दाखवायचं कुणाला. पण दवाखान्यात तुम्ही मला एकच गोष्ट विचारली होती आणि मी तुमच्या तोंडावर खोटं बोलले होते. खरं काय ते माझ्याशिवाय आता कुणाला ठाऊक नाही असं धरून मी आजवर चालले. गेल्या आठवड्यात कळलं, की अजून एका माणसाला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. गिऱ्हाइकांवर खेकसतेय, आईवर खेकसतेय, काल तर प्रिंटरला लाथ घातली. म्हणून आज भर दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलंय आणि लिहायला बसलेय.

सुरुवात त्या गेमपासूनच करावी लागेल. पाटोद्यातली ती कॉम्प्युटर क्लासची खोली तुम्हाला आठवत असेल. खाली खताच्या गोण्या, वर आम्ही. पाच कॉम्प्युटर होते, त्यातले तीन चालू, आणि लाइट असली तरच. बारावी झाल्यावर मी तिथंच शिकले आणि तिथंच शिकवायला लागले. बाजाराच्या दिवशी तुम्ही जनावरांचा बाजार उरकून दुपारी वर यायचात, वहाणा दाराबाहेर काढायचात, काठी मात्र आत आणायचात. कोपऱ्यातल्या माठातलं पाणी प्यायचात आणि संध्याकाळची एस.टी. येईपर्यंत माझ्या मागच्या बाकड्यावर घोंगडी टाकून बसायचात. पोरं हसायची. मॅडमचा बाप मेंढरासारखा वास मारतो, असं एकदा एक जण बोलला, तर मी त्याच्या मुस्काटात मारली होती. सरांनी मला समज दिली. तुम्हाला मी हे कधी सांगितलं नाही.

सरांनी कुठून तरी एक सीडी आणली होती, अंतराळातल्या लढाईच्या गेमची. दुपारी पोरं नसली की मी ती लावायची. एक छोटं लढाऊ विमान आपल्या ताब्यात, चहूकडं काळंभोर आभाळ, खाली जमीन नाही, वर ढग नाही. एकेक कामगिरी द्यायचे, ती पार पाडली की पुढची उघडायची. पहिल्या आठ कामगिऱ्यांत नुसतं मारायचं होतं आणि ते मला झकास जमायचं. समोरचं लाल विमान पडद्यावरच्या गोलात आलं की बटण दाबून धरायचं. आधी त्याचा पंख तुटायचा, मग त्यातून ठिणग्या, मग सगळंच फुटून तुकडे माझ्या काचेवर यायचे. मी त्या दिवसांत सदा कुणावर तरी चिडलेली असायचे. पोरांवर, सरांवर, ‘धनगराची पोरगी कॉम्प्युटर शिकवायलीय म्हणं’ असं जिन्यात बोलणाऱ्या बायांवर. सगळ्यांना मी तिथं त्या आभाळात नेऊन मारत होते. आबा, मला त्यात लई बरं वाटायचं. आधी हे सांगून टाकते, कारण पुढचं त्याच्याशिवाय कळायचं नाही.

नववी कामगिरी निराळी होती. सात मालवाहू जहाजं, संथ, जाडजूड, बिनहत्यारांची. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकाला सुखरूप न्यायची आणि सातातली पाच तरी पोचलीच पाहिजेत. मी दोन महिने तिथं अडकले. दर वेळी शत्रूचं एक विमान समोरून यायचं, दोन गोळ्या टाकायचं आणि शेपूट फिरवून पळायचं. मी त्याच्या मागं. ते पळतंय, मी मागं, गोलात येतंय, निसटतंय. शेवटी मी त्याला फोडायचे. पण मागं वळून बघावं तर सातातली चार-पाच जहाजं पेटलेली असायची. एका मोठ्या धोंड्याआड बाकीचे दबा धरून बसलेले असायचे, ते कधीच येऊन काम उरकून गेलेले. मी टेबलावर मूठ आपटायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

तुम्ही पहिल्यांदा हे बघितलंत त्या दिवशी आधी रागावलात. एवढं शिकून बसून माणसं मारायलीस का, म्हणालात. मी म्हटलं, माणसं नाहीत, खोटं आहे. मग तुम्ही बाकडं पुढं ओढलंत आणि बराच वेळ बघत बसलात. ती सात जहाजं एका रांगेत सरकत होती. तुम्ही काठीचं टोक पडद्याकडं करून विचारलंत, “ही कुणाची मेंढरं?”

मला हसू आलं. मी म्हटलं, सरकारची म्हणा. तुम्ही म्हणालात, मग यात कुत्रं कोणतं? मी म्हटलं, मीच कुत्रं. तुम्ही मान हलवलीत. तुम्हाला सगळं कळलं होतं. मलाच दोन महिन्यांत कळलं नव्हतं.

पुढच्या बाजाराला मी तुमच्यासमोर परत ती कामगिरी लावली. समोरून पहिलं विमान आलं, वळलं, पळालं, आणि मी त्याच्या मागं निघाले. तुमची काठी माझ्या पाठीत बसली. हळू नाही, चांगली सणसणीत बसली. चार पोरं टायपिंग करत होती, ती आधी दचकली आणि मग तोंडावर रुमाल धरून हसली. मी बावीस वर्षांची बाई, अंगावर इस्त्रीची ओढणी, पुढ्यात हजेरीचं रजिस्टर. मी उठले आणि तुम्हाला म्हटलं, चला व्हा बाहेर. तुम्ही घोंगडी उचललीत आणि जिना उतरून गेलात. दोन बाजार तुम्ही वर आला नाहीत. मीही घरी आले की तुमच्याशी बोलत नव्हते. आई म्हणायची, दोघं एकाच मातीचे, कुणी कुणाला सांगायचं.

तिसऱ्या बाजाराला तुम्ही आलात. लाइट गेली होती, खोलीत आपण दोघंच होतो. बंद पडद्याकडं बघत तुम्ही मला धर्मापुरीच्या माळावरची गोष्ट सांगितलीत. आईलाही तोवर ती ठाऊक नव्हती. तुमचं लग्न नुकतं झालेलं, कळप आजोबांचा, आणि आजोबा तापानं पडलेले. पहाट फुटताना एक लांडगा समोरच्या टेकाडावर उघडा येऊन बसला. पळेना, दडेना. तुम्ही काठी घेऊन धावलात, दोन्ही कुत्री तुमच्यासंगट. तो लंगडत पळाला. अगदी हाताला लागेल एवढ्या अंतरावर ठेवून त्यानं तुम्हाला टेकाडापलीकडं नेलं. मागं नाल्यातून तिघं आले. तुम्ही परत आलात तेव्हा अकरा मेंढरं पडलेली होती. काहींचे गळे उघडे, काहींची पोटं फाडलेली, आणि एक गाभण मेंढी आतडी मागं ओढत अजून चालत होती. तिला तुम्ही स्वतःच्या हातानं मोकळं केलंत. आजोबांना सांगितलंत, की लांडगे दहा होते, माझा इलाज चालला नाही. आजोबा मरेपर्यंत तेच धरून चालले.

मग तुम्ही म्हणालात, “पैला लांडगा खायाला आलेला नसतो. त्यो तुला न्यायला आलेला असतो. त्याच्याकडं पाठ करायची आन् कळपापाशी हुबं ऱ्हायचं. लई अवघड हाय ते. हात शिवशिवत्यात.”

लाइट आली. तुमच्यासमोर मी नववी कामगिरी लावली. पहिलं विमान आलं, माझ्या नाकासमोरून गेलं. मी दात आवळून बसले. हात खरंच शिवशिवत होते. मी जहाजांच्या भोवती घिरट्या घालत राहिले, आणि धोंड्याआडून सगळे बाहेर पडले तेव्हा मी तिथंच होते. एकेकाला जवळ येऊ दिलं आणि फोडलं. पडदा नुसता लाल झाला होता. तुम्ही बाकड्यावरून उठून उभे राहिलात आणि मेंढरांना घालता तशी शीळ घातलीत. सातातली सहा जहाजं पोचली. पुढच्या बाजाराला तुम्ही माझ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर टाकायला घोंगडीचा एक चौकोनी तुकडा कापून आणलात. म्हणालात, कुत्र्याला बसायला. पोरं परत हसली आणि या खेपेला मीही हसले.

त्यानंतर चार महिन्यांनी ते झालं.

रान दोघा भावांचं होतं, तालुक्यातल्या वजनदार घरातलं. थोरल्यानं तुम्हाला बोलावलं, तूर निघालीय, तीन दिवस मेंढरं बसवा, खत होईल. रान कुणाच्या नावावर आहे हे आपल्यात कुणी विचारत नाही. जो बोलावतो त्याचं रान, जो जेवण देतो त्याचा मान. मी तेव्हा तुम्हाला म्हटलं होतं, त्या भावांत वाद चालू आहे असं क्लासमधली पोरं बोलतात, जरा सातबारा बघू का? तुम्ही म्हणालात, पाव्हण्यानं घराचा कागद मागायचा असतो का? मलाही ते पटलं होतं. आता म्हणून काय उपयोग, पण मी नुसतं तलाठ्याच्या माणसाला विचारलं असतं तरी कळलं असतं, की निम्म्या रानावर धाकट्याचं नाव आहे.

रविवार होता. मी भाकरी घेऊन आले होते. तुम्ही रानाच्या वरच्या अंगाला, बांधापाशी एका लंगड्या मेंढीचा खूर तासत बसला होतात. खालच्या अंगाला, ओढ्याकडं, कोकरांचं जाळं होतं, तिथं मी. ऊन कलायला लागलं होतं. ओढ्यातून एक पोरगेला गडी वर आला, विशीतला असेल. माझ्याकडं बघून त्यानं तुमच्या नावानं एक घाण शिवी दिली, जाळ्यात हात घातला, चार दिवसांचं कोकरू एका तंगडीला धरून उचललं आणि ओढ्यात उतरला. कोकरू केकाटत होतं. तुमची दुसरी काठी जाळ्याच्या खुंटीला टेकवून ठेवलेली होती.

आबा, नियम मला पाठ होता. मी चार महिन्यांपूर्वी तो शिकले होते, पाठीत काठी खाऊन शिकले होते. एक क्षण मी तिथं उभीही राहिले. मला कळलं, की हा एकटा येणार नाही. आणि तरी मी काठी उचलली आणि त्याच्या मागं गेले. शिवीनं माझं डोकं फिरलं होतं म्हणावं तर तेवढंच नव्हतं. तो माझ्यापुढं पळत होता आणि मला आवडत होतं.

ओढ्यात पाणी नव्हतं, नुसते गोटे आणि बाभळी. तो गोट्यावरून घसरला, कोकरू सुटलं. तो उठायच्या आत मी पोचले. पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा त्यानं हातावर घेतला आणि हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तो “बास, बास” म्हणत होता. मी मारत होते. जिन्यातल्या बायांना, क्लासमधल्या पोरांना, आजवर आपल्याला रानातून हाकलणाऱ्या सगळ्यांना मी त्याच्या अंगावर मारत होते. त्याच्या कानातून रक्त आलं, ते मी बघितलं. मला थांबावंसं वाटलं नाही.

रानात माणसाला नावानं हाक मारायची नाही, हा तुमचा पक्का नियम. चोर दडून बसला असेल तर त्याला कळतं, की माणसं किती नि कोण. म्हणून तुम्ही नुसती हाळी द्यायचात, कानावर हात ठेवून, लांब. माझं नाव तुम्ही रानात आयुष्यात घेतलं नव्हतं. आणि घरातलं लाडाचं नाव, जे शाळेच्या दाखल्यावर नाही, कुठल्याच कागदावर नाही, ते तर दाराबाहेरसुद्धा नाही.

मी परत आले तेव्हा सगळं संपलं होतं. धाकट्या भावाचे सहा-सात जण जीपमधून आले होते नि गेलेही होते. वाघूर कोयत्यानं उभी चिरलेली होती, एवढं मोठं जाळं, फाडून टाकलेल्या लुगड्यासारखं पडलं होतं. काळा कुत्रा बांधावर पडला होता, कुऱ्हाडीचा घाव मानेत. नऊ मेंढरं कापली होती. खायला नाही, न्यायला नाही, नुसती कापली होती. काही अजून पाय झाडत होती. कळप पार माळावर पांगला होता. आणि तुम्ही त्या लंगड्या मेंढीवर पालथे पडला होतात, तिला पोटाखाली धरून. तुमच्या डोक्याची मागची बाजू मी बघितली आणि माझी ओढणी तिथं दाबली. ती भिजून माझ्या बोटांतून गळायला लागली. मेंढीला मात्र ओरखडाही नव्हता.

बीडच्या दवाखान्यात तुम्ही अकरा दिवस होतात. चौथ्या दिवशी तुम्हाला शुद्ध आली. आई चहा आणायला खाली गेली होती. तुम्ही माझ्याकडं बघून विचारलंत, “हाक आली न्हाई का गं?”

मी म्हटलं, “न्हाई आली आबा. वारं उलटं होतं.”

तुम्ही डोळे मिटलेत. मग म्हणालात, “हां. वारं उलटं होतं.”

वाऱ्याचं तुम्हाला मी काय सांगणार. उभा जन्म तुम्ही वारं बघून कळप बसवला. त्या दुपारी वारं तुमच्याकडून ओढ्याकडं होतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तुम्ही माझं खोटं उचललंत, पुसलंत आणि खरं करून मला परत दिलंत. त्यानंतर तुम्ही माझ्याशी पाण्याचं बोललात, मेंढरांचं बोललात, हाकेचं परत कधी बोलला नाहीत. अकराव्या दिवशी सकाळी गेलात.

पुढचं तुम्हाला ठाऊक नाही. केस झाली. पण त्या गड्याचा हात मोडलेला होता, डोकं फुटलेलं होतं, त्याचीही फिर्याद झाली. एकीकडं सात जणांवर खुनाची केस, दुसरीकडं माझ्यावर जीवघेण्या हल्ल्याची. मग बैठक बसली. थोरल्या भावानं, ज्यानं तुम्हाला बोलावलं त्यानंच, माझ्या चुलत्याला बाजूला घेऊन सांगितलं, पोरगी आत जाईल, कॉम्प्युटर शिकवते, तिचं वाटोळं कशाला करता. दोन्ही भाऊ तोवर एक झाले होते. चुलत्यानं माझ्याकडं बघितलं, आईनं बघितलं. साक्षीदार कोर्टात फिरले, आपलेही फिरले, मीसुद्धा फिरले. मी उभी राहून म्हटलं, चेहरे दिसले नाहीत. ते मात्र खरंच होतं. मी तिथं नव्हतेच. सगळे सुटले. लोक अजून म्हणतात, त्या पोरीनं एकटीनं एकाला तरी लोळवला. कौतुकानं म्हणतात. मला त्यांची तोंडं फोडावीशी वाटतात.

कळप आईनं विकला. क्लास बंद पडला. आता घराच्या पुढच्या खोलीत माझं स्वतःचं दुकान आहे, ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, बोटाचे ठसे. गेल्या मंगळवारी रांगेत एक माणूस आला. चाळिशीकडं झुकलेला, केस पिकलेले. यंत्रावर उजव्या हाताचं बोट ठेवायचं होतं आणि त्याचा हात कोपरात सरळच होईना. मी त्याचा हात धरला, वळवला, बोट काचेवर ठेवून दाबलं. ठसा लागला. तेव्हा तो हळूच मला नावानं हाक मारून ताई म्हणाला. तुम्ही घरात मारायचात त्या लाडाच्या नावानं. आईसुद्धा आता मला त्या नावानं बोलावत नाही. मी विचारलं, हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं?

तो म्हणाला, “तुमच्या वडलांनीच. त्या दिवशी वढ्यात ऐकलं न्हवं आपण दोघांनी.”

मागं रांग उभी होती. तो खाली मान घालून, कुणाला ऐकू जाणार नाही असा बोलत होता. त्याला म्हणे एवढंच सांगितलं होतं, की कोकरू उचल आणि पळ, पोरगी मागं येईल, तिला लांब ने. पाठीमागं काय करणार आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं. तुम्ही गेलात तेव्हापासून त्यानं मालकाचं घर सोडलं, ऊसतोडीला जातो, एका हातानं मोळ्या बांधतो. हाकेचं त्यानं पोलिसांना सांगितलं नाही, बैठकीत सांगितलं नाही. वकिलानं त्याला विचारलं होतं तरी नाही. मग तो मला म्हणाला, “तुमी थांबला होता ताई, हाक आल्यावर. मंग एक हाणलात. एकच. एका फटक्याच्या येळात काय झालं असतं? मनाला लावून घिऊ नका.”

मला काय वाटलं सांगू? दोन्ही हातांनी ते ठशाचं यंत्र उचलून त्याच्या डोक्यात घालावं असं वाटलं. त्यानं मला माफ करावं? कोकरू उचलून मला नेणाऱ्यानं? मी पावती फाडून त्याच्या हातात दिली आणि ‘पुढचा’ म्हणून ओरडले. तो नमस्कार करून गेला. त्याला नमस्कारासाठी उजवा हात पुरता वर नेता आला नाही.

त्या दिवशी मी ती गेम शोधली. जुनी झालीय, आता पाच मिनिटांत उतरते. आठही कामगिऱ्या बोटांना अजून पाठ होत्या. नववीत पहिलं विमान आलं, मी त्याच्याकडं पाठ केली, कळपापाशी राहिले. सातच्या सात पोचली. पडद्यावर शाबासकीची इंग्रजी अक्षरं आली. मी तो कीबोर्ड उचलला आणि टेबलाच्या कडेवर आपटून त्याचे दोन तुकडे केले. मग खाली बसून बटणं गोळा करत बसले आणि रडले. आईनं आतून विचारलं, काय फुटलं? मी म्हटलं, काही नाही.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. जाळणारही नाही, तुमच्या फोटोमागंही ठेवणार नाही, तसला देखावा मला जमत नाही. कोऱ्या फॉर्मांच्या गठ्ठ्यात खाली सारून देईन आणि शटर वर करीन. पण तुम्हाला वाचता येत असतं तर मधेच तुम्ही मला थांबवलं असतंत, की पोरी, तो गडी म्हणतो ना एकच, मग मिटलं. म्हणून एवढं लिहिते. त्या गड्याला एकच आठवतो, कारण त्या एकालाच त्याची शुद्ध गेली. मी चार हाणले, आबा. हाक ऐकून, थांबून, तुमचा आवाज ओळखून, परत वळून चार. आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे तुम्ही अजून एकदा हाक मारलीत. ती मी एकटीनंच ऐकली.